हॉलिस आणि चौदा थरांचा केक

मोझेल चादरी वाळत घालताना पडली. १९८६ सालचा मार्च महिना होता. तिचा नवरा हॉलिस गाडीचं ऑइल बदलून घरी आला, तेव्हा ती दोरीखाली कपड्यांच्या टोपलीशेजारी आडवी होती. त्याने फोन केला. हार्टफर्डहून रुग्णवाहिका आली आणि तिला घेऊन गेली. ड्रायव्हरने सांगितलं, "तुम्ही मागोमाग या." हॉलिसने टोपलीत राहिलेले दोन अभ्रे झटकले, दोरीवर टाकले, चिमटे लावले आणि मग गाडी काढली.

समोरच्या घरातल्या बाईने हे खिडकीतून पाहिलं. त्यामुळे मोझेल हॉस्पिटलात असतानाच अभ्र्यांची गोष्ट सगळीकडे पोचली होती. दोन दिवसांनी ती गेली. शुद्धीवर आलीच नाही.

मोझेल माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लोक मला बाजूला घेऊन विचारायचे, "वायनेल, तो ठीक आहे ना गं?" मी म्हणायची, "अहो, तो हॉलिस आहे." म्हणजे नेमकं काय, ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

हॉलिस स्नेल एकतीस वर्षं टपाल वाटायचा. रूट नंबर दोन, बासष्ट मैलांचा मातीचा रस्ता, रस्त्याकडेला चारशेच्या वर टपालपेट्या. आमच्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, तरी उजव्या सीटवर बसायचं, डावा हात लांब करून ते धरायचं आणि उजव्या हाताने खिडकीतून पेटीत टपाल टाकायचं. गाडीतून उतरायचं कामच नाही. कुणाचा मुलगा सैन्यात आहे, कुणाला कुठल्या डॉक्टरची पत्रं येतात, सगळं त्याला माहीत असायचं आणि त्यातलं एक अक्षर तो बोलायचा नाही. मूलबाळ नव्हतं. घरात बोलायचं काम मोझेलकडे होतं.

अलाबामाच्या आमच्या या कोपऱ्यात माणूस गेलं की त्या घरी केक जातो. चॉकलेटचा, थरांचा. तीन-चार थर नव्हेत. दहा, बारा, चौदा. एकेक थर धिरड्याएवढा पातळ. थर गरम असतानाच त्याच्यावर कोकोचा उकळता पाक ओतायचा, तो आत मुरला की वर पुढचा थर. केक कापला की आधी सगळे वाकून थर मोजतात, मग तोंडात घालतात. कुणीतरी हळूच "अकरा" म्हणतं आणि जिचा बाराचा असतो ती बाई उगाच खिडकीबाहेर बघते. मोझेलचे चौदा असायचे. चाळीस वर्षं चौदाच. तिची आई, म्हणजे माझी लव्हाडाआत्या, तिचेही चौदा होते. चर्चने १९६१ साली पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यात आत्याच्या नावाने तो केक छापला होता. पण पुस्तक बघून तो कुणालाही जमला नाही. लोक म्हणायचे, पेलहॅम घराण्याचा हातगुण आहे.

मोझेलच्या दफनाच्या दिवशी तिच्या घरी नऊ केक आले. हॅम होतं, तळलेली कोंबडी होती, शेंगांच्या भाज्यांची भांडी होती. टेबलावर बोट ठेवायला जागा नव्हती. आलेलं सगळं मीच घेत होते. प्रत्येक ताटलीच्या बुडाला चिकटपट्टीवर बाईचं नाव लिहिलेलं असतं, म्हणजे ताटली परत करता येते. हॉलिस दाराशी उभा राहून हात मिळवत होता. "आलात, बरं वाटलं," असं प्रत्येकाला म्हणत होता. शंभर-सव्वाशे वेळा तरी म्हणाला असेल, एकाच आवाजात.

पुढचा आठवडाभर तो केकच खात होता. मी एक दिवसाआड जायची. तो स्वयंपाकघरात बसलेला असायचा, पुढ्यात एक फोड. रोज वेगळ्या केकची, पाळीपाळीने.

"अरे, भाजी खा, कोंबडी खा," मी म्हटलं. "साखरेने मरशील."

"आधी हे संपायला हवं."

"का? कुणी सांगितलं?"

"आणून दिलंय ना लोकांनी," तो म्हणाला.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी गेले तर तो माझी वाट बघत होता. समोर कापलेला केक होता. निळ्या काठाच्या, टवका उडालेल्या इनॅमलच्या ताटलीत.

"वायनेल, हा मोझेलने कधी केला?"

मला वाटलं, आता याचं डोकं फिरलं. "हॉलिस, मोझेल गेली रे."

"ते मला माहीत आहे. हा कधी केला?"

मी थर मोजले. चौदा. एक घास तोंडात घातला आणि खुर्चीवर बसले. तो तिचाच होता. तीच किंचित कडसर गोडी, तोच जिभेच्या मागच्या बाजूला राहणारा खारटपणा. मी ताटली उचलून खाली बघितलं. पट्टी नव्हती, नाव नव्हतं.

मग मला आठवलं. दफनाच्या दिवशी मागच्या दाराशी एक काळी बाई आली होती, माझ्याहून थोडी मोठी. तिने ताटली माझ्या हातात दिली, "मिस मोझेलसाठी" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून मी ती वॉशिंग मशीनवर ठेवली. तिचं नाव मी विचारलं नव्हतं.

हॉलिसला मी हे सांगितलं. त्याने ताटली फिरवून बघितली.

"आयडेला ब्राउडर," तो म्हणाला. "ओढ्यापलीकडे. शेवटची पेटी. तिच्या पडवीत दिसते ही ताटली."

"तिला कसा आला मोझेलचा केक?"

त्याने खांदे उडवले आणि उरलेली फोड संपवली.

शनिवारी मी ताटल्या परत करायला मदत करावी म्हणून गेले. त्याने सगळ्या धुऊन जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या. ओळ टपालाच्या रूटची होती, पहिली पेटी आधी. मी त्याच्याबरोबर गाडीत बसले. प्रत्येक दारात तो ताटली पुढे करायचा. बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं, आता हा काहीतरी बोलेल म्हणून ती थांबायची. त्याच्याकडे बोलायला काही नसायचं. तिसऱ्या दारात त्याने बोलायचं म्हणून विचारलं, "थर चिकटत कसे नाहीत, थाळीला?" त्या बाईला इतकं हायसं वाटलं की तिने वीस मिनिटं सांगितलं. पुढे तो प्रत्येक दारात केकचंच विचारायला लागला.

त्याच वाटेवर मिस फ्लोसींचं घर होतं. चर्चमधल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, तेव्हा अठ्ठ्याऐंशीच्या होत्या. पडवीत झुलत्या खुर्चीवर बसलेल्या.

"कोण? टपालवाला? उशीर केलास. आणि ही मागे कोण, लव्हाडाची भाची का? जाड झालीस गं."

"मिस फ्लोसी, थर इतके पातळ का करतात?" हॉलिसने विचारलं.

"कारण आमच्याकडे ओव्हनच नव्हतं, कळलं का? लाकडाची चूल, तिच्या पोटात ठेवलं की एक बाजू करपणार, दुसरी कच्ची. म्हणून माझी आई मक्याची भाकरी भाजायच्या बिडाच्या तव्यावरच पीठ ओतायची. जाड ओतलं तर भाजेल का? मग पातळ. एकावर एक रचले की झाला केक. तेव्हा मध्ये उसाची काकवी असायची. कोको नंतर आला दुकानात, मी मोठी झाल्यावर."

"आणि थर मोजायला कधी लागले?" मी विचारलं.

"बायका चर्चमध्ये एका बाकावर बसायला लागल्या तेव्हापासून!" म्हातारी हसून हसून खोकायला लागली. हॉलिसने तिला पाणी आणून दिलं. तो हसला नाही. हसू नये असं काही ठरवलेलं नव्हतं त्याने. त्याला ते ऐकूच आलं नसावं, असा त्याचा चेहरा होता.

इनॅमलची ताटली शेवटी राहिली. मी दमले होते, म्हणून त्याने मला घरी सोडलं आणि ओढ्यापलीकडे तो एकटाच गेला. तिथे काय झालं ते मला पुढे आयडेलाकडून कळलं. हॉलिसने सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं.

एकतीस वर्षं तिच्या पेटीत टपाल टाकलं होतं, पण तिच्या पायऱ्या तो पहिल्यांदाच चढत होता. आयडेला पडवीत मोहरीची पानं निवडत होती.

"मिस्टर हॉलिस," ती म्हणाली. "बसा. मिस मोझेलचं ऐकून फार वाईट वाटलं."

"आयडेला, तुझा केक मोझेलसारखा लागतो."

तिने पानं बाजूला ठेवली. "माझा तिच्यासारखा नाही लागत, मिस्टर हॉलिस. तिचा माझ्या आईसारखा लागतो."

आयडेलाची आई, ओसी, बावीस वर्षं पेलहॅमांकडे स्वयंपाकाला होती. दर शनिवारी ती तो केक करायची आणि रविवारी तो लव्हाडा पेलहॅमचा केक म्हणून चर्चच्या जेवणाला जायचा. मोझेल आणि आयडेला एकाच वयाच्या. नऊ वर्षांच्या असताना चरबीचा रिकामा डबा पालथा घालून दोघी त्याच्यावर उभ्या राहायच्या आणि पाक पसरायच्या. थर ओसी टाकायची, पाक या दोघी.

"तिला घरी कुणी शिकवलं असं तुम्हाला वाटलं?" आयडेलाने विचारलं. "मिसेस पेलहॅमना अंडं उकडता येत नव्हतं."

"मोझेल कधी बोलली नाही."

"नसेल बोलली. पण यायची. दर वर्षी मे महिन्यात, थडगी साफ करायच्या रविवारच्या आधी. तुम्ही बसलात ना, त्याच खुर्चीवर बसायची. वाटीत पाक आणायची चाखायला. 'आयडेला, काकवी जास्त झाली का गं?' मी सांगायची, मीठ कमी आहे."

"दर वर्षी?"

"आई गेल्यापासून दर वर्षी."

हॉलिस "बरं" म्हणाला. एवढंच. ती पुन्हा पानं निवडायला लागली. ती मला म्हणाली, "मला वाटलं हा माणूस रागावलाय. मग नीट बघितलं तर तो कुठेच नव्हता गं. खुर्चीत नुसते कपडे बसवलेले असावेत, तसा."

शेवटी उठताना त्याने विचारलं, "मला शिकवशील?"

"तुम्हाला? कधी चूल पेटवलीय का?"

"नाही."

"डझनभर अंडी घेऊन गुरुवारी या. आणि हात धुऊन या, मोटारीचं तेल दिसतंय नखांत."

त्या गुरुवारपासून तो जायला लागला. पहिल्या केकचे थर झाले चार, तेही मधून फुगलेले. आयडेला म्हणाली, "हा केक आहे की उशी?" दुसऱ्या खेपेला पाक दगडासारखा घट्ट झाला. तिसऱ्या खेपेला दोन थर जमिनीवर पडले. त्याने ते उचलले, कचऱ्यात टाकले, तव्याला पुन्हा लोणी लावलं. चिडला नाही, हिरमुसला नाही. एकदा मी मुद्दाम बघायला गेले. तो तव्याशी उभा राहून पुटपुटत होता, "सात. आठ." तेवढंच. उकळता पाक हातावर उडाला तरी त्याने हात मागे घेतला नाही. आयडेलानेच त्याचं मनगट धरून नळाखाली धरलं.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

त्याने हाताकडे बघितलं. "दुखत असेल," तो म्हणाला.

घरी येताना मी गाडीत विचारलं, "हॉलिस, तुला हे आवडतं का तरी?"

"काय?"

"हे केक करणं."

त्याने विचार केला. "गुरुवार निघून जातो," तो म्हणाला.

मे महिन्याच्या चौथ्या रविवारी आमच्याकडे थडग्यांची सफाई असते. सकाळी सगळे गवत काढतात, फुलं ठेवतात. प्रवचन झालं की ओकच्या झाडांखाली जेवण. दोन खांबांमध्ये कुंपणाची जाळी ताणून केलेलं लांबच लांब टेबल आहे तिथे, त्याच्यावर चादरी अंथरतात. मोझेलच्या थडग्यावर अजून दगड बसला नव्हता. हॉलिस तिथे उभा राहिला, एक-दोन तण उपटले आणि गाडीकडे गेला. परत आला तेव्हा हातात केक होता. अकरा थर, एका बाजूला कललेले.

बायकांनी त्याला घेरलं. "अगं बाई, हॉलिसने केक केला!" "कललाय, पण केलाय हो!" "मोझेलचा केक!" एकदोघींनी पदर असता तर डोळ्यांना लावला असता, नव्हता, म्हणून कागदी रुमाल लावले. मी फोडी कापल्या. चव घेऊन सगळ्या एकदम बोलायला लागल्या, "तिचाच आहे! हुबेहूब! पेलहॅमांचा हातगुण तुझ्याकडे कसा आला रे?"

"पेलहॅमांचा नाही," हॉलिस म्हणाला. टपालाचा पत्ता वाचावा तशा आवाजात. "ओसी ब्राउडरचा आहे. लव्हाडाकडे स्वयंपाक करायची. आयडेलाची आई."

चमचे थांबले. एक बाई म्हणाली, "हॉलिस, आज हे बोलायचा दिवस आहे का? लव्हाडा तिथे झोपलीय, पन्नास पावलांवर."

"तुम्ही विचारलंत," तो म्हणाला.

मिस फ्लोसी खुर्चीवर बसून खात होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "यात नवीन काय सांगितलं त्याने? आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं."

आणि ते खरं होतं. मी आठ वर्षांची असताना आत्याच्या घरी शनिवारी जायची. चुलीशी ओसी उभी असायची, कपाळाचा घाम दंडाने पुसत. थर तिच्या हातून उलटताना मी स्वतः पाहिले होते. आणि तरीही इतकी वर्षं कुणी विचारलं की मी सांगायची, आमच्या आत्याचा केक. खोटं बोलतेय असं कधी वाटलं नाही. त्या दिवशी टेबलाशी उभी राहून मी आतून काही हलतंय का ते बघत होते. लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही, निदान तेव्हा नाही. मी पुढची फोड कापली, कारण समोर कुणीतरी ताटली धरली होती.

काही जणींनी फोड अर्धी ठेवली. बाकीच्यांनी खाल्ली. केक संपला.

पुढे काही घरांतून हॉलिसला बोलावणं बंद झालं. त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. गुरुवारचं जाणं चालूच राहिलं. फक्त एक बदल झाला. तो कधी झाला हे मला सांगता येणार नाही, पण त्या उन्हाळ्यात केव्हातरी तो तिला "मिस आयडेला" म्हणायला लागला, "तुम्ही" म्हणायला लागला. आमच्याकडे गोरी माणसं काळ्या बाईला 'मिस' लावत नसत, म्हणून एकदा माझ्यासमोर म्हणाला तेव्हा मी चमकून बघितलं. आयडेलाने बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "हॉलिस, तो तवा उतरव, धूर यायला लागलाय."

तीन वर्षांनी चर्चने नवं पुस्तक काढायचं ठरवलं. केक कुणाच्या नावाने छापायचा यावर समितीत दोन संध्याकाळी भांडण झालं. मी ओसीचं नाव सुचवलं. उशीर झाला होता, पण सुचवलं. शेवटी कुणाचंच नाव न घालता छापायचं ठरलं. मग खरी कृती मागायला मला आयडेलाकडे पाठवलं. तिने मला लिंबाचं सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"जुनी छापलेली आहे ना तुमच्याकडे?" ती म्हणाली.

"आहे. पण त्यात काकवी नाही."

"हो ना," ती म्हणाली. "आईने मिसेस पेलहॅमना सांगितली तेव्हाच ती राहिली असेल." आणि सरबताचा पेला उचलून आत गेली. पुस्तक जुन्याच कृतीने छापलं गेलं. हॉलिसकडे कुणी विचारायला गेलं नाही. गेलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं.

तो आणखी सात वर्षं जगला. त्याचा सर्वांत मोठा केक तेरा थरांचा झाला. चौदा कधी झाले नाहीत आणि त्याने त्यासाठी आटापिटाही केला नाही. घर नीट ठेवायचा. सोमवारी कपडे धुवायचा. दर वर्षी मे महिन्यात कललेला केक घेऊन यायचा आणि ज्यांना खायचा ते खायचे. लोक म्हणायचे, सावरला बिचारा. मला तसं वाटत नव्हतं. सावरायला माणसाला आधी कोसळावं लागतं आणि ते त्याने केल्याचं मी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी एकदा आम्ही दोघं त्याच्या पडवीत चवळीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी सरळ विचारलं, "हॉलिस, तू मोझेलसाठी कधी रडलास का रे?"

त्याने दोन-तीन शेंगा सोलल्या.

"एकदा," तो म्हणाला. "डोथानला. टायरच्या दुकानात."

"केव्हा?"

"ती गेली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. पुढचे दोन टायर बदलायचे होते. बाकावर बसलो होतो. समोर टीव्हीवर हवामान सांगत होते."

"आणि?"

"आणि आलं रडू. अर्धा तास थांबेना. का ते कळलं नाही. मनात तर काहीच नव्हतं, मी हवामान ऐकत होतो."

"दुकानातली माणसं काय म्हणाली?"

"एकाने कॉफी आणून ठेवली शेजारी. काही बोलला नाही. चांगला माणूस होता."

तो सोललेले दाणे हाताने सारखे करत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग नाव पुकारलं. गाडी तयार झाली होती." त्याने शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. "तुझ्या बाजूच्या सोल आता, माझ्या संपल्या."